काडीला फुटले पाय

बालमित्रांनो, दिवाळी अंक हातात पडला की तुम्ही आधी काय पाहता ते मला पक्के ठाऊक आहे. आधी चित्रे, मग विनोद, मग कोडी. आणि चकलीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकताना आठवण झालीच तर आपले हे पान. चालायचेच! एरवी आठवड्याच्या अंकात मला जेमतेम एक पान मिळते. आज दिवाळी म्हणून संपादकांनी हात सैल सोडला आहे. तेव्हा फराळाचा डबा जवळ ओढा आणि ऐका.

मी कॉलेजात मराठी शिकवतो हे माझ्या जुन्या वाचकांना माहीत आहे. शब्द, म्हणी, कविता हा माझा प्रांत. किड्यामुंग्यांशी माझा संबंध म्हणजे साखरेच्या डब्यापुरता. पण गेल्या दिवाळीत एका किड्याने, आणि त्याहूनही माझ्या भाच्याच्या एका प्रश्नाने, मला असे अडवले की पुढे कित्येक दिवस मी त्या किड्याचीच पुस्तके धुंडाळीत होतो. त्याचीच ही हकिगत.

सुटीत मी ताईकडे गेलो होतो. तिचे घर रत्नागिरी जिल्ह्यात, मागे परसू, परसात पेरू, फणस, करवंदीच्या जाळ्या. अंगणात किल्ल्याची धांदल चाललेली. मुकुंदा दहा वर्षांचा, म्हणजे अर्थात तोच किल्लेदार. शालू सात वर्षांची. तिच्याकडे पाणी आणण्याचे, माती मळण्याचे आणि बोलणी खाण्याचे काम. बुरूज झाले, तटबंदी झाली, उतारावर अळीव पेरून झाले. किल्ल्याभोवती रान हवे म्हणून मुकुंदाने पेरूच्या बारीक फांद्या तोडून आणल्या आणि मातीत रोवायला सुरुवात केली.

एवढ्यात शालू ओरडली, “मामा, ही काडी हलतेय!”

मी वर्तमानपत्रातून डोके न काढताच म्हणालो, “वाऱ्यानं हलत असेल.”

“पण वारा कुठाय?”

खरेच की! पान हलत नव्हते. मी उठून गेलो. पेरूच्या फांदीला एक बारीक काडी आडवी फुटली होती. करंगळीएवढी लांब, सुतळीएवढी जाड, रंगाने थेट फांदीसारखी. ती काडी डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, आणि मग चक्क दोन पावले पुढे चालली!

“मला बघू, मला बघू!” म्हणत मुकुंदाने झेप घेतली आणि दोन बोटांनी तिला चिमटीत धरले. पुढे जे झाले ते डोळ्याचे पाते लवते न लवते तोच झाले. काडी खाली खंदकात पडली आणि मुकुंदाच्या चिमटीत राहिला एक केसासारखा बारीक पाय.

गडबड ऐकून सखाराम गडी खराटा घेऊन धावला. “लांब व्हा पोरांनो, विषारी असतंय ते!” म्हणून त्याने खराटा उगारला. ताईच्या सासूबाई ओटीवरून म्हणाल्या, “अरे, दिवाळीच्या दिवसांत मुक्या जिवाला कशाला मारतोस?” सखारामचा हात थांबला. खंदकातली काडी मात्र मेल्यासारखी निपचित पडली होती. सगळे पाय अंगाशी जुळवलेले, जणू कोणी सुकी काटकी फेकून दिली आहे.

मुकुंदा काही बोलेना. तो त्या बोटांतल्या पायाकडे पाहत उभा होता. मघाचा किल्लेदार पार उतरला होता. बऱ्याच वेळाने त्याने हळूच विचारले, “मामा, त्याचा पाय परत येतो का रे?”

आता काय सांगायचे? संधी-समास विचारला असता तर सांगितला असता. ‘येतो’ म्हणालो तर खोटे ठरायचे भय, आणि ‘येत नाही’ म्हणावे तर त्याचा चेहरा बघवेना. मी म्हणालो, “विचारून सांगतो.”

त्याच संध्याकाळी मी आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांना फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “तो काडीकिडा. डसत नाही, विषारी दंश वगैरे काही नाही. त्याचा जबडा पाने कुरतडण्यापुरता. तुमच्या भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र किड्याच्या वयावर आहे. किडा वाढीच्या वयाचा असेल तर तो अजून कात टाकील, आणि कात टाकताना नवा पाय येऊ शकेल. पूर्ण वाढ झाली असेल तर कात संपली, आणि पायही संपला.”

“आणि वाढ झाली की नाही हे कसं ओळखायचं?”

“तुम्ही? वाट पाहून,” ते म्हणाले.

तेव्हा आम्ही वाट पाहू लागलो. एक उंच पुठ्ठ्याचे खोके घेतले, कारण कात टाकताना हा किडा उलटा लोंबकळतो आणि त्याला खाली मोकळी जागा लागते. एका बाजूला जाळी लावली. आत रोज पेरूची ताजी डहाळी, वर पाण्याचा हलकासा शिडकावा. पाच पायांचा आमचा पाहुणा तासाभराने ‘जिवंत’ होऊन डहाळीवर चढला होताच. मेल्याचे सोंग ही त्याची शेवटची युक्ती. दिवसभर तो काडी होऊन बसे आणि दिवे मालवले की पाने कुरतडी. मुकुंदा पहाटे अभ्यंगस्नानाआधी उठून खोके पाही, इतका त्याला घोर लागला होता. तो वाट पाहत होता तोवर मी जे वाचले ते आता तुम्हांला सांगतो.

जगात काडीकिड्यांच्या आणि त्यांच्या चुलत भावंडांच्या, म्हणजे पर्णकीटकांच्या, तीन हजारांहून अधिक जाती आहेत. शास्त्रज्ञांनी या घराण्याला जे नाव दिले ते ‘भूत’ किंवा ‘भास’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. आहे म्हणावे तर दिसत नाही, नाही म्हणावे तर चालते, तेव्हा नाव शोभते खरे. काही जाती बोटाच्या पेराएवढ्या. तर बोर्निओ बेटावरची एक, पुढचे पाय ताणून मोजली तर ५६ सेंटीमीटरांच्या वर भरते. चीनमध्ये तर ६० सेंटीमीटरांहून लांब काडीकिडा सापडला आहे. म्हणजे तुमच्या शाळेच्या फूटपट्टीच्या दुप्पट! एवढा मोठा किडा, आणि तोही दिसत नाही!

आता ‘दिसत नाही’ म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. लपंडाव खेळताना तुम्ही दाराआड लपता तेव्हा राज्य असलेल्याला तुम्ही दिसतच नाही. काडीकिड्याचे तसे नाही. तो डोळ्यांसमोर, उघड्यावर बसलेला असतो. पक्ष्याला तो दिसतो, पण काडी म्हणून दिसतो. आणि काडी काही पक्षी खात नाही. हे लपणे नव्हे, हे सोंग आहे.

तुमच्यापैकी काहींनी गावात बहुरूपी पाहिला असेल. फौजदाराचा वेष करून तो दारात उभा राहतो, दरडावून चौकशी करतो. घरातले घाबरतात, आणि मग हसून हात जोडतो व बिदागी मागतो. काडीकिडा हा रानातला बहुरूपी. फरक एवढाच की माणसांतला बहुरूपी शेवटी ओळखला गेला तर त्याला बिदागी मिळते, आणि हा ओळखला गेला की त्याचा घास होतो. म्हणून याला सोंग अर्ध्यावर सोडून चालत नाही.

आणि सोंग म्हणजे नुसता रंग नव्हे, बरं का! नाटकात राजाचा मुकुट घातला पण चाल हुजऱ्याची ठेवली तर प्रेक्षक हसतात. काडीकिड्याने चालसुद्धा उचलली आहे. वारा आला की फांद्या डुलतात; त्यांच्यात एकच काडी ताठ राहिली तर संशय येईल, म्हणून हाही डुलतो. स्वस्थ बसताना पुढचे दोन पाय तो डोक्यापुढे सरळ ताणतो. मग डोके दिसेनासे होते आणि काडी आणखी लांब दिसते. कित्येक जातींत त्या पायांना मुळाशी खोलगट बाक असतो. त्यात डोके बरोबर बसते, जसे म्यानात पाते. कुणाच्या अंगावर काटे, कुणाच्या अंगावर फांदीवरच्या डोळ्यांसारख्या गाठी, तर कुणाच्या अंगावर शेवाळ.

त्या शेवाळाची एक गंमत आहे. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा मोठा निसर्गशास्त्रज्ञ गेल्याच्या आधीच्या शतकात बोर्निओत हिंडत होता. तिथल्या एका रहिवाशाने त्याला एक काडीकिडा आणून दिला आणि सांगितले की हा जिवंत आहे, पण याच्या अंगावर शेवाळ उगवले आहे. वॉलेसने पुष्कळ वेळ निरखून पाहिले तेव्हा कुठे त्याची खात्री पटली की ते शेवाळ नव्हतेच. किड्याच्या अंगालाच तसले हिरवे पापुद्रे फुटले होते. रानात जन्म गेलेला माणूस फसला, आणि वॉलेसलाही तपासून पाहावे लागले!

त्याहूनही जुनी गोष्ट १५२१ सालची. मॅगेलनच्या जगप्रवासात पिगाफेटा नावाचा एक इटालियन होता. तो रोजनिशी ठेवी. बोर्निओजवळच्या एका बेटावर त्याने झाडावरून पडलेली पाने चालताना पाहिली. त्याने एक पान पेटीत घातले आणि नऊ दिवस ठेवले. पेटी उघडली की पान आत गरगर फिरे. ते खाते काय हे त्याला कळेना, तेव्हा त्याने लिहून ठेवले की ही पाने हवेवर जगत असावीत. तो पर्णकीटकच असावा. मुकुंदाला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, “बिचाऱ्याला नऊ दिवस उपाशी ठेवलं!” आणि लगेच उठून खोक्यात ताजी डहाळी घालून आला.

सोंगाची सुरुवात अंड्यापासूनच होते. बहुतेक मातांप्रमाणे काडीकिड्याची मादी अंडी जपून कुठे ठेवीत नाही. बऱ्याच जातींत ती झाडावर बसल्या बसल्या एकेक अंडे खाली टाकून देते. अमेरिकेतल्या काही रानांत हे किडे फार झाले की वाळक्या पाचोळ्यावर अंड्यांची अशी टपटप चालते की पाऊस पडतो आहे असे वाटावे. ही अंडी दिसतात थेट बियांसारखी. काहींच्या टोकाला मेदाची एक गाठ असते. काही झाडांच्या बियांनाही अशीच गाठ असते आणि मुंग्यांना ती फार आवडते. मुंग्या ‘बी’ उचलून वारुळात नेतात, गाठ खातात आणि बाकीचे अंडे तसेच टाकतात. जमिनीखाली अंडे सुरक्षित! नाहीतर त्याला भोक पाडून आपली अंडी घालणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या टपलेल्याच असतात. ऑस्ट्रेलियातल्या एका जातीचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडते तेच मुंगीसारखे दिसते आणि मुंगीसारखे तुरुतुरु पळते. मोठेपणी तेच वाळलेल्या पानाचे सोंग घेते. बालपणी एक वेष, मोठेपणी दुसरा!

आपल्या देशातला एक काडीकिडा तर जगभर गाजला आहे. तामिळनाडूच्या डोंगरांतला हा रहिवासी. तो पुढे युरोपात पोचला आणि तिथल्या प्रयोगशाळांतून आणि शाळांच्या वर्गांतून काचेच्या पेट्यांत राहू लागला. आजही राहतो. याच्यात नर क्वचितच सापडतो. माद्या नराशिवायच शेकडो अंडी घालतात आणि त्यांतून पुन्हा माद्याच निघतात. याच्यावर कितीतरी प्रयोग झाले. त्यांत असे आढळले की डोक्यावरची मिशी मुळाजवळ तुटली तर कधी कधी त्या जागी मिशीऐवजी पायच उगवतो. हे वाचून दाखवले तेव्हा मुकुंदाचे डोळे चमकले. “म्हणजे पाय येतो!” तो म्हणाला. मी म्हटले, “वाढीचं वय असेल तर.” तो पुन्हा गप्प झाला.

शालूने मात्र मुळावरच बोट ठेवले. “मामा, त्याला हे सोंग कुणी शिकवलं?”

मुलांनो, याचे उत्तर असे आहे की त्याला हे त्याच्या शत्रूने शिकवले. फार फार पूर्वीच्या या किड्यांत सगळे सारखे नव्हते. काही थोडे काडीसारखे, काही कमी. जे कमी होते ते पक्ष्यांनी टिपून खाल्ले. जे अधिक होते ते वाचले आणि त्यांना पिल्ले झाली, ती आईबापांसारखी. त्यांतलेही पुन्हा पक्ष्यांनी वेचले. असे लक्षावधी पिढ्या चालले. जर्मनीत पर्णकीटकाचा ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा ठसा दगडात सापडला आहे, आणि तोसुद्धा आजच्यासारखाच पानाच्या आकाराचा. मूर्तिकार दगडातला नको तेवढा भाग काढून टाकतो आणि मूर्ती उरते. तसे पक्ष्यांच्या डोळ्यांनी वेचून वेचून काडीकिडा घडवला. आणि म्हणूनच हे सोंग डोळ्यांसाठी आहे. नाकापुढे ते चालत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आता मी जे सांगणार आहे ते यावरच उभे आहे.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला सुमारे ६०० किलोमीटरांवर, समुद्रात, लॉर्ड हाऊ नावाचे चिमुकले बेट आहे. तिथे एक काडीकिडा राही. चांगला वीतभर, काळपट, जाडजूड. त्याला लोक ‘झाडावरचा शेवंडा’ म्हणत. दिवसा झाडाच्या ढोलीत बसावे, रात्री पाने खावीत. बेटावर उंदीर नव्हते. जून १९१८ मध्ये ‘माकांबो’ नावाची आगबोट तिथल्या खडकांवर चढली. बोट पुढे दुरुस्त झाली, पण तिच्यातले काळे उंदीर बेटावर उतरले. उंदीर रात्री हिंडतो, वासाने शोधतो आणि ढोलीतही शिरतो. ज्या शत्रूसाठी या किड्याची सारी तयारी होती तो हा नव्हे! १९२० च्या सुमारास बेटावर एकही किडा उरला नाही. पुस्तकांत त्याच्या नावापुढे ‘नामशेष’ असे लिहिले गेले.

या बेटापासून वीसएक किलोमीटरांवर समुद्रातून एक सुळका वर आला आहे. त्याचे नाव बॉल्स पिरॅमिड. साडेपाचशे मीटरांहून उंच, नुसता खडक, वर वस्ती नाही. १९६४ मध्ये काही गिर्यारोहकांना तिथे एक मेलेला किडा आढळला होता. २००१ मध्ये शास्त्रज्ञ तो खडक चढले. दिवसा त्यांना एका झुडपाखाली ताजी विष्ठा दिसली. म्हणून रात्री, अंधारात, दिवे घेऊन ते पुन्हा त्या कड्यावर चढले. आणि झुडपावर ते किडे होते! जिवंत! पुढच्या वर्षी मोजदाद केली तेव्हा सगळे मिळून २४ भरले. आख्ख्या जगात एवढेच.

२००३ मध्ये त्यांतल्या दोन जोड्या आणल्या. एक जोडी लवकरच दगावली. दुसरी मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात गेली. तिला त्यांनी ॲडम आणि ईव्ह अशी नावे दिली. थोड्याच दिवसांत ईव्ह आजारी पडली; अंग आखडून निपचित झाली. या वेळी ते सोंग नव्हते. तेव्हा तिथल्या पॅट्रिक होनन या कीटकांच्या रखवालदाराने फुलांचा मध आणि कॅल्शियम यांचे मिश्रण केले आणि तिला हातात धरून थेंब थेंब पाजले. एका किड्याला! पण ती वाचली, तिने अंडी घातली, आणि पुढे तिच्या वंशजांची संख्या हजारोंवर गेली. २०१९ मध्ये लॉर्ड हाऊ बेटावरचे उंदीर नाहीसे करण्याची मोठी मोहीम झाली, ती या किड्यासारख्या बेटावरच्या जिवांना पुन्हा घर मिळावे म्हणूनही.

ही गोष्ट मी मुकुंदाला माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या रात्री सांगितली. तो म्हणाला, “मामा, त्यांनी थेंब थेंब पाजलं, आणि मी चिमटीत धरलं.” मी काही बोललो नाही. सुटी संपली आणि मी परत आलो.

आठ-दहा दिवसांनी ताईचा फोन आला. पण बोलला मुकुंदाच. आवाज इतका मोठा की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. रात्री किड्याने कात टाकली होती. कातीचा बराचसा भाग त्याने सकाळपर्यंत खाऊनही टाकला होता, कारण रानातला बहुरूपी आपला जुना वेष मागे ठेवीत नाही. आणि जिथून पाय तुटला होता तिथे एक नवा पाय आला होता.

“बारीक आहे रे मामा, आणि वाकडा आहे. पण आहे!”

मी म्हटले, पुढच्या कातीला तो आणखी वाढेल. आता त्याला सोडून दे.

त्याच संध्याकाळी दोघा भावंडांनी, सखारामला बरोबर घेऊन, खोके पेरूखाली नेले. किडा डहाळीवरून फांदीवर चढला. एक, दोन, तीन, चार, पाच आणि तो सहावा वाकडा पाय टेकून. शालूने क्षणभर मागे वळून आजीला हाक मारली, आणि पुन्हा पाहते तो किडा कुठेच नाही. तिघांनी फांदी पुन्हा पुन्हा निरखली. तो तिथेच होता. पण सापडला नाही.

तेव्हा मुलांनो, यंदा किल्ल्याच्या रानासाठी फांदी तोडाल तेव्हा आधी दोन मिनिटे ती नुसती पाहा. पाने कडेने कुरतडलेली दिसली तर रात्री मोठ्या माणसाबरोबर बॅटरी घेऊन पुन्हा या. काडी चालू लागली तर तिच्यापुढे आपला हात आडवा धरा. ती आपण होऊन हातावर येईल. चिमटीत मात्र धरू नका. मुकुंदाने मला हे तुम्हांला मुद्दाम सांगायला सांगितले आहे.

दिवाळीच्या शुभेच्छा! पुढच्या आठवड्यात नेहमीच्या पानावर भेटूच.